जोडीदाराला अमेरिकेत बोलावताना घर बदललं तर: पत्ता कुठे, कधी आणि कसा कळवायचा

जर्सी सिटीतल्या माझ्या जुन्या बिल्डिंगच्या लॉबीत, टपालपेट्यांखालच्या फळीवर, ते पाकीट जवळजवळ तीन आठवडे पडून होतं. पांढरं, खिडकीचं पाकीट. आत नवऱ्याच्या आय-१३० अर्जावर, म्हणजे त्याला अमेरिकेत बोलावण्यासाठी मी केलेल्या अर्जावर, आलेली पुराव्याची मागणी. आमचा लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर मी जोडलं होतं, पण भाषांतर करणाऱ्याचं सहीनिशी प्रमाणपत्र जोडायचं राहिलं होतं. काम एका कागदाचं, पण उत्तराची शेवटची तारीख नोटिशीवर छापलेली असते आणि पाकीट कुणी उघडलं नाही म्हणून ती थांबत नाही. मी तोवर एडिसनला राहायला गेले होते. पत्ता बदलल्याचं ऑनलाइन कळवलंही होतं. फक्त त्या फॉर्मवर नवऱ्याच्या केसचा पावती क्रमांक टाकायचा राहून गेला होता. केसची ऑनलाइन स्थिती सहज बघितली म्हणून वेळेत कळलं. त्याच संध्याकाळी ट्रेन पकडून जुन्या बिल्डिंगवर गेले आणि पाकीट घेऊन आले.

तेव्हापासून ओळखीतलं कुणीही नवऱ्याची किंवा बायकोची केस टाकायला निघालं की मी पहिला प्रश्न विचारते, पुढच्या दोन वर्षांत घर बदलणार आहेस का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. लीज संपते, नोकरी बदलते, दोघांसाठी मोठी जागा घ्यायची असते. तिकडे भारतात जोडीदारही एका जागी थांबत नाही. हा लेख अशा लोकांसाठी आहे: अमेरिकेत ग्रीन कार्डवर किंवा नागरिक म्हणून राहणारे, आणि भारतातल्या जोडीदाराला कॉन्सुलेटमार्गे बोलावणारे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या. 'सरकारला कळवलं' असं इथे काही नसतं. आय-१३० अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जातो. मंजूर झाल्यावर केस एनव्हीसीकडे, म्हणजे न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आणि ते परराष्ट्र खात्याचं ऑफिस आहे. मुलाखत मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये. भारतातला पोलीस दाखला पासपोर्ट ऑफिसकडून. सोशल सिक्युरिटीचं कार्ड आणखी वेगळ्या खात्याकडून. एकाला सांगितलेला पत्ता दुसऱ्याकडे आपोआप पोचेल असं धरून चालू नका. ज्या टप्प्यावर केस आहे, त्या ऑफिसला तुम्हीच सांगायचं.

पायरी १: पत्त्यांची वही

अर्ज भरण्याआधी एक वही करा. दोघांचे सगळे पत्ते, कधीपासून कधीपर्यंत, आणि प्रत्येक पत्ता कुठल्या ऑफिसला कोणत्या तारखेला कळवला ते. आय-१३० आणि त्यासोबतच्या आय-१३०ए मध्ये मागच्या ५ वर्षांचे पत्ते लागतात. पुढे एनव्हीसीच्या टप्प्यावर जोडीदाराला डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरावा लागतो, आणि त्यात वयाच्या १६व्या वर्षापासून जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते विचारतात.

माझ्या नवऱ्याचे अकरा पत्ते निघाले. गावचं घर, सांगलीतलं हॉस्टेल, सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, मग कोथरूड, वारजे, मध्ये आठ महिने मावशीकडे. कॉट बेसिसच्या खोलीचा करार कसला असणार! तारखा त्याला आठवत नव्हत्या, पण विसर्जनानंतर दोन दिवसांनी खोली सोडली हे पक्कं आठवत होतं. त्या वर्षीचं कॅलेंडर काढून महिना ठरवला. पगाराच्या स्लिपा, कॉलेजचं बोनाफाइड, बँकेची जुनी पत्रं यांवरून बाकीचे महिने लागले. मध्ये रिकामे महिने सोडू नका. 'तेव्हा घरीच होतो' म्हणजे गावचा पत्ता, तो लिहायचा.

या यादीवरून आणखी एक गोष्ट ठरते. जोडीदार दुबईत, सिंगापुरात किंवा दुसऱ्या एखाद्या देशात वयाच्या १६व्या वर्षानंतर १२ महिने किंवा जास्त राहिला असेल, तर त्या देशाचाही पोलीस दाखला लागतो. तो मिळवायला महिने लागू शकतात. वही आधी केली असेल तर हे मुलाखतीच्या तोंडावर नाही, दीड वर्ष आधी कळतं.

पायरी २: पत्ता लिहायची एकच रीत ठरवा

अमेरिकेतला पत्ता अमेरिकी टपाल खात्याच्या संकेतस्थळावरच्या झिप कोड शोधात टाकून बघा. ते जसा छापून देतात तसाच सगळीकडे लिहा. फॉर्मवर अपार्टमेंट, मजला किंवा स्वीट निवडायला वेगळा चौकोन असतो आणि त्यापुढे क्रमांक. हा क्रमांक राहिला की मोठ्या बिल्डिंगमध्ये पत्र परत गेलंच म्हणून समजा.

टपालपेटीवर नाव लावा. जोडीदाराचं आडनाव वेगळं असेल तर त्याचंही, तो यायच्या आधीपासून. आपल्याकडे पोस्टमन माणसं ओळखतो, इथे तो पेटीवरचं नाव वाचतो. माझ्या पेटीवर माझं माहेरचं आडनाव होतं, कारण पासपोर्टवर तेच आहे. नवऱ्याचं नाव मी कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटपट्टीने आतल्या बाजूला लावलं. दोन मिनिटांचं काम.

भारतातल्या पत्त्यांना जरा जास्त विचार लागतो. 'मु. पो. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली' हा पत्ता इंग्रजी चौकोनांत कसा बसवायचा? 'मु. पो.' सोडून द्या. गावाचं नाव शहराच्या चौकोनात, तालुका आणि जिल्हा पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत, राज्य महाराष्ट्र, आणि पिन कोडचे सहाही आकडे. घराला नंबर नसेल तर ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक किंवा गल्लीचं नाव पहिल्या ओळीत. पुण्यात उलट अडचण, माहिती जास्त असते. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सोसायटी, विंग, अमक्या हॉटेलच्या मागे. एवढं सगळं ओळीत मावत नाही आणि चौकोन भरला की पुढची अक्षरं कापली जातात. फ्लॅट, सोसायटी, रस्ता ठेवा. खुणा सोडा.

बुद्रुक आणि खुर्दचंही असंच. आधारवर 'बीके', वीजबिलावर 'बुद्रुक', भाडेकरारात नुसतंच गावाचं नाव. एक स्पेलिंग ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटच्या फॉर्मपर्यंत तेच वापरा. आय-१३० मध्ये जोडीदाराचं नाव आणि परदेशातला पत्ता त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहायलाही जागा असते. तिथे देवनागरीत सुवाच्य लिहा. तिथे मी 'मु. पो.' सकट पूर्ण पत्ता लिहिला होता.

मराठवाड्यातल्या आणि नगरच्या लोकांसाठी एक मुद्दा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर. पासपोर्टवर जुनं नाव आणि नव्या पोलीस दाखल्यावर नवं, असं होणारच. ती तुमची चूक नाही, घाबरू नका. जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसं लिहा, आजचा पत्ता आजच्या कागदांप्रमाणे लिहा, आणि विचारलं तर एका वाक्यात सांगा की शहराचं नाव बदललं.

पायरी ३: आय-१३० यूएससीआयएसकडे असताना

ग्रीन कार्डवर असाल तर घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत कळवणं तुमच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. फॉर्मचं नाव एआर-११, फी काही नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतील, ती खासगी आहेत. अमेरिकी नागरिकांना हे १० दिवसांचं बंधन नाही, पण केस चालू असताना पत्ता बदलला नाही तर पत्रं जुन्या घरीच जाणार, तेव्हा कळवायचं त्यांनीही.

सर्वांत बरी वाट म्हणजे यूएससीआयएसचं ऑनलाइन खातं. २०२३ पासून तिथे पत्ता बदलण्याची एकच सोय आहे. त्यातून एआर-११ चं बंधनही पूर्ण होतं आणि चालू अर्जांवरचा पत्ताही बदलतो. अर्ज कागदावर पाठवला असेल तरी खातं उघडा आणि पावती क्रमांक टाकून केस त्यात जोडून घ्या. पावती क्रमांक १३ अक्षरांचा असतो, आधी तीन इंग्रजी अक्षरं आणि मग दहा आकडे. तो आय-७९७ या पावतीच्या पत्रावर छापलेला असतो. पत्ता बदलताना प्रत्येक चालू अर्जाचा क्रमांक तिथे आहे ना, हे बोट ठेवून बघा. मी नेमकी इथेच चुकले. माझा स्वतःचा दुसरा एक अर्ज चालू होता, त्याचा क्रमांक टाकला आणि दोन्ही झाले असं समजले. एआर-११ कागदावर भरून टपालाने पाठवलात तर कायद्याचं बंधन पूर्ण होतं, पण चालू केसवरचा पत्ता त्याने बदलत नाही.

बदल झाल्याची खात्री देणारा ईमेल येतो. तो जपून ठेवा आणि त्याची तारीख वहीत घ्या. आठवडाभराने पुन्हा खातं उघडून नवा पत्ता दिसतो का बघा. वकील असेल तर त्यालाही वेगळं कळवा, कारण नोटिशींच्या प्रती त्याच्याकडे जात असल्या तरी पत्ता बदलणं तुमच्याकडेच राहतं.

टपाल खात्याला नवा पत्ता दिला म्हणून निर्धास्त होऊ नका. वीजबिल, बँकेची पत्रं त्यामुळे नव्या घरी येतील, पण यूएससीआयएसचं टपाल सहसा पुढे न पाठवता परत धाडलं जातं. टपाल खात्याची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही फुकट सेवा मात्र जरूर लावा. आज कोणती पत्रं येणार त्यांचे फोटो सकाळी ईमेलवर येतात. पेटी रिकामी निघाली तर निदान कळतं की काहीतरी यायचं होतं.

वर्षात दोनदा घर बदलायची शक्यता असेल, तर टपालाचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता वेगळे देता येतात. फॉर्मवर दोन्हीसाठी जागा असते. राहण्याचा पत्ता खराच द्यायचा, टपालासाठी मात्र एखाद्या बहिणीचा किंवा काकांचा कायमचा पत्ता 'केअर ऑफ' म्हणून चालतो. त्यांना आधी विचारा आणि सांगा की जाहिरातीसारखं दिसणारं पाकीटही फेकायचं नाही.

आणि जोडीदाराचा भारतातला पत्ता बदलला तर? एआर-११ अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, त्याला तो भरायचा नाही. नवा पत्ता वहीत लिहा. एनव्हीसीच्या टप्प्यावर डीएस-२६० मध्ये तो आजचा पत्ता म्हणून येईल.

पायरी ४: माहेर, सासर आणि पोलीस चौकी

हे आपल्याच घरांत घडतं, म्हणून इथे थोडं थांबते. लग्न झालं, नवरा सुटी संपवून अमेरिकेला परतला. बायको काही दिवस सासरी, मग नोकरीच्या गावी, सणावाराला माहेरी. फॉर्म भरताना घरातली मोठी माणसं म्हणतात, 'आता पत्ता सासरचाच द्यायला हवा.' त्यांची भावना मला समजते. पण फॉर्म विचारतो तुम्ही आज कुठे राहता. ती पुण्यात नोकरीच्या ठिकाणी फ्लॅटवर राहत असेल तर पत्ता त्या फ्लॅटचा. सासरच्या घरी तीन आठवडे राहिली असेल तर ते वेगळं लिहायला आय-१३० मध्ये जागा आहेच, कारण पती-पत्नी शेवटचे एकत्र कुठे राहिलात, कोणत्या तारखांना, हे तिथे विचारतात. लग्नानंतरचे ते दिवस तिथे खऱ्या तारखांनिशी येऊ देत.

खरा पत्ता का, याचं व्यवहारातलं कारण म्हणजे पोलीस दाखला, म्हणजेच पीसीसी. पोलीस दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करायचा, फी ५०० रुपये. आजच्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि पडताळणी त्या पत्त्यावर होते. माझा नवरा पुण्यातली खोली सोडून सांगलीला आई-वडिलांकडे गेला होता, पण आधारवर पुण्याचा पत्ता होता म्हणून त्याने तोच टाकला. चौकीतून हवालदार खोलीवर गेले, घरमालकांनी खरं ते सांगितलं, 'ते आता इथे राहत नाहीत.' अहवाल अर्थातच विरुद्ध गेला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दोष आमचाच होता. आधी आधारवर पत्ता बदलायचा होता, मग पीसीसीला हात लावायचा होता. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार या कामी येतो. तोंडी व्यवहारावर राहत असाल तर केस चालू होताच करार करून घ्या.

पीसीसी फार लवकरही काढू नका. एनव्हीसी आणि कॉन्सुलेट तो २ वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात. नागरिकाच्या जोडीदाराला हे सहज जमतं, पण ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला एफ२ए वर्गात क्रमाची वाट बघावी लागते. तिथे पहिल्याच महिन्यात काढलेला दाखला मुलाखतीपर्यंत शिळा होऊ शकतो.

पायरी ५: एनव्हीसीकडे केस गेल्यावर

आय-१३० मंजूर झाला की एनव्हीसीकडून स्वागताचा ईमेल येतो. त्यात केस क्रमांक असतो, मुंबईच्या केसना 'बीएमबी'ने सुरू होणारा, आणि एक इन्व्हॉइस क्रमांक. हे दोन क्रमांक वहीच्या मुखपृष्ठावर लिहा.

इथून पुढे तुमचा खरा पत्ता म्हणजे ईमेल. बहुतेक सगळं त्यावरच येतं. कंपनीचा ईमेल दिला असेल आणि नोकरी बदलली, किंवा कॉलेजचा दिला असेल आणि तो बंद झाला, तर घर न बदलताही तुम्ही हरवलात. दोघांनी आपापला कायमचा, खासगी ईमेल द्या आणि नको असलेल्या टपालाचा फोल्डरही दर आठवड्याला बघा. पत्ता, फोन किंवा ईमेल बदलला की एनव्हीसीच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवरून कळवायचं. केस क्रमांक, दोघांची नावं आणि जन्मतारखा लागतात. यूएससीआयएसच्या खात्यात बदल केला असला तरी इथे पुन्हा.

एनव्हीसीशी वर्षभर काहीच संपर्क राहिला नाही तर केस बंद होण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. जुन्या ईमेलवर सूचना येत राहतात आणि नवरा-बायको मात्र 'अजून नंबर लागला नाही' म्हणून शांत बसलेले असतात, असं होऊ देऊ नका. मी दर तीन महिन्यांच्या एक तारखेला लॉगिन करायचे आणि वहीत टिकमार्क करायचे.

याच टप्प्यावर तुम्ही आय-८६४ देता, म्हणजे जोडीदाराच्या पोटापाण्याची हमी. त्यात तुमचा टपालाचा पत्ता, राहण्याचा पत्ता आणि कायमचं वास्तव्य असं तिन्ही विचारतात. उत्पन्न कमी पडल्याने मामा किंवा मित्र जोड-प्रायोजक असतील, म्हणजे तुमच्यासोबत तेही हमी देत असतील, तर त्यांचा पत्ताही वहीत यायला हवा. फॉर्म दिल्यावर घर बदललं तर एनव्हीसीला कळवा आणि नवी लीज, नवं बिल यांच्या प्रती जोडीदाराला मुलाखतीसाठी पाठवा. डीएस-२६० एकदा पाठवला की बंद होतो. भारतातला पत्ता त्यानंतर बदलला तर एनव्हीसीला लिहून तो उघडून घेता येतो, नाहीतर मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याला सांगून दुरुस्त होतो. छोट्या बदलासाठी दुसरी वाट पुरते.

पायरी ६: प्रायोजकच भारतात असेल तर

आई-वडिलांच्या आजारपणासाठी किंवा कंपनीने पाठवलं म्हणून अमेरिकी नागरिक असलेला नवरा वर्ष-दोन वर्षं पुण्यात आहे आणि तिथूनच बायकोची केस चालवतो आहे, अशी उदाहरणं आता बरीच दिसतात. आय-१३० त्याला तिथूनही टाकता येतो, टपालाचा पत्ता भारतातला देता येतो. ऑनलाइन खात्यातून टाकणं केव्हाही सोयीचं, नोटिशी तिथेच वाचता येतात.

अडचण आय-८६४ ला येते. हमी देणाऱ्याचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असायला लागतं. परदेशात असाल तर मुक्काम तात्पुरता आहे, किंवा जोडीदार अमेरिकेत पाऊल ठेवेल तोवर तुम्हीही परत गेलेले असाल, हे कागदांवर दाखवावं लागतं. चालू बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, नोकरीचं पत्र, घराची लीज, मुलांच्या शाळेचा प्रवेश. 'जाणार आहोत' एवढं पुरत नाही. ग्रीन कार्डधारकाला तर इतका काळ बाहेर राहणं त्याच्या स्वतःच्या ग्रीन कार्डलाच धोक्याचं ठरू शकतं. त्याने मुक्काम लांबवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

आणि ग्रीन कार्ड भारतात पाठवलं जात नाही. अमेरिकेतला एक पत्ता द्यावाच लागतो. स्वतःचं घर अजून ठरलं नसेल तर विश्वासातल्या नातेवाइकाचा द्या.

पायरी ७: मुंबई

मुलाखतीची तारीख आली की जोडीदार अपॉइंटमेंटच्या संकेतस्थळावर नोंदणी करतो आणि पासपोर्ट कुठे, कसा परत हवा ते तिथे भरतो. ही आणखी एक वेगळी नोंद. नवऱ्याने नोंदणी केली तेव्हा ब्राउझरने जुना कोथरूडचा पत्ता आपोआप भरला होता. फोनवर त्याला एकेक ओळ वाचून दाखवायला सांगितली म्हणून सापडला. व्हिसा लागलेला पासपोर्ट सोडलेल्या घरी जाणं कुणालाच परवडणार नाही.

बीकेसीतल्या कॉन्सुलेटला जाताना फाइलमध्ये एक साधा टाइप केलेला कागद ठेवा: भारतातला आजचा पत्ता, अमेरिकेतला आजचा पत्ता, आणि डीएस-२६० नंतर काय बदललं ते. ग्रीन कार्ड कुठल्या पत्त्यावर हवं ते डीएस-२६० मध्येच विचारलेलं असतं. तो पत्ता बदलला असेल तर खिडकीवर स्वतःहून सांगायचं, विचारण्याची वाट बघायची नाही. नवऱ्याने तो कागद काचेखालून सरकवला, अधिकाऱ्यांनी वाचून कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं, आणि पुढचा प्रश्न लग्नात किती माणसं होती हा आला.

पायरी ८: आल्यानंतर

व्हिसा मिळाल्यावर, विमानात बसण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरायची. २०२४ पासून ती २३५ डॉलर आहे. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवर अधिकारी पत्ता विचारतात किंवा पडद्यावर दाखवतात. लांबच्या प्रवासाने डोळे मिटत असले तरी अपार्टमेंटच्या क्रमांकासकट नीट बघा. पत्ता चुकला असेल तर सुधारायची ही चांगली संधी आहे.

कार्ड यायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर शिक्का मारलेला व्हिसा प्रवेशाच्या तारखेपासून एक वर्ष ग्रीन कार्डासारखाच चालतो, त्यामुळे नोकरीसाठी किंवा प्रवासासाठी कार्डाची वाट बघायची गरज नाही. मात्र या ९० दिवसांत शक्यतो घर बदलू नका. बदलावंच लागलं तर आता एआर-११ जोडीदाराने भरायचा, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून, १० दिवसांत. तुम्ही तुमचा पत्ता बदलल्याने त्याचा बदलत नाही. कार्ड पत्त्यावर न पोचता परत गेलं आणि कुणी संपर्क केला नाही, तर ६० कामकाजाच्या दिवसांनंतर ते नष्ट केलं जातं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी. डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी कार्ड मागितलं असेल तर तेही टपालानेच येतं, आणि पत्ता चुकला तर त्यासाठी त्या खात्याच्या ऑफिसात जावं लागतं.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात, कारण आता सगळं झालं असं वाटतं. जोडीदार ग्रीन कार्डधारक झाल्यापासून, आय-८६४ वर सही केलेल्या प्रत्येकाने घर बदलल्यावर ३० दिवसांच्या आत आय-८६५ हा फॉर्म भरायचा असतो. प्रायोजक अमेरिकी नागरिक असला तरीही. फी नाही, पण न भरल्यास कायद्यात २५० ते २,००० डॉलर दंड आहे. एआर-११ भरला म्हणून हा चुकत नाही, दोन्ही वेगळे. जोड-प्रायोजक मामांनाही हे सांगा, त्यांना बहुधा माहीतच नसतं. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत ही जबाबदारी सहसा चालू राहते. तो कायमचा अमेरिका सोडून गेला किंवा वारला तर ती आधीही संपते. घटस्फोटाने ती संपत नाही.

अमेरिकेत प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षं पूर्ण झाली नसतील तर जोडीदाराला २ वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ही अट काढून टाकण्याचा अर्ज, भरावा लागतो. तेव्हा तुम्ही खरोखर एकत्र संसार केला याचे पुरावे लागतात. दोघांच्या नावाची लीज, दोघांच्या नावाची बिलं. म्हणून नव्या घरात जाताना लीजवर जोडीदाराचं नाव पहिल्याच दिवशी घाला, आणि जुन्या घराची लीज, डिपॉझिट परत मिळाल्याचं पत्र, शेवटचं वीजबिल फेकू नका. वहीच्या मागे एक प्लॅस्टिकचं पाकीट लावा आणि प्रत्येक घराचे कागद त्यात तारखेप्रमाणे ठेवत जा. आमच्या पाकिटात आत्ता तीन घरं आहेत.